पिचरची भूमिका आणि हिटरची सुधारणा: हंगामाच्या मध्यावर वाद घालण्याआधी काय तपासायचं

जून उजाडला की मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) प्रत्येक संघाच्या चाहत्यांत दोन वाद हमखास सुरू होतात. एक, ‘त्या पाचव्या स्टार्टरला आता बुलपेनमध्ये टाका.’ (स्टार्टर म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, अर्थात चेंडू टाकणारा; बुलपेन म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या पिचरची फळी.) दुसरा, ‘अमुक हिटर यंदा सुधारलाय’, आणि त्यावर ‘छे, नशीब आहे नुसतं’ हे ठरलेलं उत्तर. १६२ सामन्यांच्या हंगामातले साठेक सामने झालेले असतात. आकडे बोलायला पुरेसे वाटतात, पण बऱ्याच बाबतीत पुरेसे नसतात. दोन्ही वाद बेसबॉल सॅव्हंट, फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या तीन साइटवर अर्ध्या तासात बऱ्यापैकी निकालात काढता येतात. भारतात राहून बेसबॉल पाहणाऱ्यांची तर सोयच आहे: न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो, त्यामुळे सकाळचा चहा होईपर्यंत बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) तयार असतो.

आधी पिचर: नाव नव्हे, काम बघा

२६ जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. साधारण रचना पाच स्टार्टर आणि आठ रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर) अशी. स्टार्टर दर पाच-सहा दिवसांनी पिच करतो, हंगामात तब्येत साथ देईल तर ३२-३३ वेळा. रिलीव्हर ६०-७० सामन्यांत येतो, बहुतेक वेळा एका इनिंगपुरता (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक). क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा), सेटअप (त्याच्या आधी येणारा), लाँग रिलीव्हर (जास्त इनिंग टाकणारा) ही त्यांच्यातली उतरंड.

क्लोजरभोवतीचे निम्मे वाद ‘सेव्ह’ या आकड्यातून जन्मतात, म्हणून त्याचा नियम एकदा नीट समजून घ्या. सामना संपवणारा पिचर विजयी संघाचा असला पाहिजे आणि विजय त्याच्या नावावर लागलेला नसावा. शिवाय तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते: तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन किमान एक इनिंग टाकणं, किंवा बरोबरी करू शकणारा रनर बेसवर, बॅटिंगला किंवा त्यानंतरच्या क्रमांकावर असताना येणं, किंवा किमान तीन इनिंग परिणामकारक पिचिंग करणं. म्हणजे नवव्या इनिंगमध्ये तीन धावांची आघाडी घेऊन सातव्या-आठव्या-नवव्या क्रमांकाच्या हिटरना बाद केलं तरी सेव्ह मिळतो. सातव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी, बेस भरलेले आणि समोर तिसरा-चौथा हिटर अशा वेळी येऊन संघाला वाचवणाऱ्याला मात्र मिळाला तर ‘होल्ड’ (आघाडी टिकवल्याची नोंद), ज्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

याचं टोकाचं उदाहरण ४ ऑक्टोबर २०१६ चं. ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या हंगामात ०.५४ ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) आणि ४७ सेव्ह घेऊन बसला होता. टोरंटोतल्या वाइल्ड कार्ड (हरला की हंगाम संपला अशा) सामन्यात बरोबरी होती, पाहुण्या संघाला सेव्हची संधी येईपर्यंत मॅनेजर बक शोवॉल्टर थांबले, आणि अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासिओनने उबाल्डो हिमेनेसला तीन धावांचा होमरन (थेट कुंपणापार मारलेला चेंडू) मारून हंगाम संपवला. ब्रिटन बुलपेनमध्येच राहिला.

तेव्हा रिलीव्हरवर कुणाचा किती भरवसा आहे हे सेव्हवरून नको, फॅनग्राफ्सवरच्या ‘जीएमएलआय’वरून बघा. रिलीव्हर आत आला त्या क्षणी सामना किती नाजूक होता, त्याची ही सरासरी. १ म्हणजे सामान्य परिस्थिती. १.५ च्या पुढे असेल तर मॅनेजर त्याला आगीत ढकलतो आहे, ०.८ च्या खाली असेल तर तो हरलेल्या किंवा आधीच जिंकलेल्या सामन्यांची झाडलोट करतो आहे. सातव्या इनिंगमध्ये येणाऱ्या पिचरचा जीएमएलआय क्लोजरपेक्षा जास्त निघतो, असंही अधूनमधून दिसतं. तसं दिसलं की ‘याला क्लोजर करा’ हा आग्रह उलट त्याला सोप्या कामावर पाठवणारा ठरू शकतो.

ठरलेल्या भूमिकेचा एक खरा फायदाही आहे आणि आकड्यांच्या नादात तो विसरला जातो. आपण आठव्यात येणार हे माहीत असलेला पिचर वेळेवर आणि एकदाच वॉर्म-अप करतो. ज्याची वेळ ठरलेली नाही तो दोन-दोनदा उठतो, पंचवीस-तीस चेंडू बुलपेनमध्येच टाकतो आणि शेवटी खुर्चीत बसतो. ते चेंडू बॉक्स स्कोअरमध्ये येत नाहीत, पण खांद्यावर चढतातच. ‘काल विश्रांती होती, मग आज वेग का पडला?’ याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

रिलीव्हरचा ईआरए का फसवतो

एखाद्याच्या २० इनिंगमध्ये ४ धावा आहेत, ईआरए १.८०. एका रात्री त्याने एकाच हिटरला बाद केलं आणि ५ धावा दिल्या. आता २० १/३ इनिंगमध्ये ९ धावा, म्हणजे ईआरए ३.९८. पिचर तोच, भूमिका तीच, पण एका रात्रीत ‘विश्वासू’चा ‘सरासरी’ झाला. (बॉक्स स्कोअरमधलं २०.१ म्हणजे वीस आणि एक तृतीयांश. दशांश समजून भागाकार करणारे अजून भेटतात.)

दुसरा दोष: आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले रनर रिलीव्हरने घरी येऊ दिले तर त्या धावा आधीच्याच्या खात्यावर जातात. म्हणून ईआरएच्या शेजारी बेसबॉल-रेफरन्सवरचा ‘वारशात मिळालेले रनर’ हा रकाना वाचा. साधारण तीनातला एक रनर धाव करतो. ज्याचं प्रमाण निम्म्यावर गेलंय त्याचा सुंदर ईआरए सहकाऱ्यांच्या खर्चाने आलेला आहे.

यापेक्षा लवकर भरवशाचा आकडा म्हणजे स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइकवर बाद) टक्केवारीतून वॉकची (स्ट्राइक झोनबाहेरच्या चार चेंडूंमुळे मिळणारा मोफत बेस) टक्केवारी वजा करणं. २०२४ मध्ये लीगमध्ये स्ट्राइकआउट २२.६ टक्के आणि वॉक ८.२ टक्के होते, म्हणजे फरक १४ च्या थोडा वर. नाजूक क्षणी येणाऱ्या रिलीव्हरकडून २० च्या पुढचा फरक हवा. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ७० हिटरनंतर अर्थ देऊ लागतं, वॉकचं १७० नंतर.

स्टार्टरसाठी एफआयपी (क्षेत्ररक्षणाचा भाग वगळून काढलेला, ईआरएसारखा आकडा) हाताने काढून बघा, म्हणजे त्यात काय धरलंय ते कळतं. होमरन गुणिले १३, अधिक वॉक आणि अंगाला चेंडू लागलेले हिटर यांची बेरीज गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २. याला इनिंगने भागून सुमारे ३.१० मिळवायचे (हा स्थिरांक दरवर्षी थोडा हलतो). ६० इनिंग, ८ होमरन, २० वॉक, २ अंगाला लागलेले, ६२ स्ट्राइकआउट असतील तर १०४ + ६६ − १२४ = ४६. भागिले ६० केल्यावर ०.७७, म्हणजे एफआयपी ३.८७. याचा ईआरए ५.१० दिसत असेल तर बुलपेनची भाषा करण्याआधी त्याचा बॅबिप बघा, म्हणजे होमरन सोडून खेळात आलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले ते. लीगमध्ये तो .२९० च्या आसपास असतो. याचा .३५० असेल तर क्षेत्ररक्षण आणि दैव यांचा वाटा मोठा आहे. मात्र त्याच वेळी ताशी ९५ मैलांहून जोरात लागलेल्या चेंडूंचं प्रमाणही लीगपेक्षा खूप वर असेल, तर दैवाला दोष देऊ नका. चेंडू खरोखरच ठोकले जात आहेत.

स्टार्टरला बुलपेनमध्ये हलवावं का

पहिली पायरी: बेसबॉल-रेफरन्सच्या स्प्लिट्समध्ये (परिस्थितीनुसार वेगळे केलेले आकडे) पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतले आकडे वेगळे बघा. बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा समोर आली की जवळपास प्रत्येक स्टार्टर घसरतो, त्यामुळे ‘तिसऱ्या फेरीत मार खातो’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याची घसरण लीगच्या घसरणीपेक्षा किती जास्त, हा प्रश्न आहे. आणि तिसरी फेरी तो फक्त चांगल्या दिवशीच गाठतो हेही लक्षात ठेवा; वाईट दिवशी चौथ्या इनिंगमध्येच हातातून चेंडू काढून घेतलेला असतो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात टँपा बेच्या ब्लेक स्नेलने ९ स्ट्राइकआउट घेतले होते, फक्त २ हिट दिले होते, तरी मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला ७३ चेंडूंवर काढलं, कारण पुढची फेरी तिसरी होती. डॉजर्सनी तिथून सामना फिरवला आणि वाद आजतागायत चालू आहे. माझ्या मते नियम बरोबर होता. पण नियम सरासरीचा असतो, आणि त्या रात्री समोरच्या हिटरना स्नेलचा चेंडू लागतच नव्हता हेही पुराव्यातच मोडतं.

दुसरी: त्याच्याकडे किती वापरण्याजोगे चेंडू आहेत? सॅव्हंटच्या तक्त्यात १० टक्क्यांहून जास्त टाकलेले प्रकार मोजा. फास्टबॉल आणि स्लायडर एवढेच असतील आणि विरुद्ध हाताच्या हिटरसाठी चेंजअप किंवा कटर नसेल, तर प्रतिस्पर्धी मॅनेजर अख्खी ऑर्डर विरुद्ध हाताच्या हिटरनी भरतो. बुलपेनमध्ये ही उणीव झाकता येते, पण पूर्वीइतकी नाही. २०२० पासून पिचरला किमान तीन हिटर किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो, त्यामुळे एका डावखुऱ्यासाठी येणारा खास पिचर इतिहासजमा झाला.

तिसरी: वेग. पहिल्या इनिंगचा फास्टबॉल आणि पाचव्याचा यांत दीड-दोन मैलांचा फरक पडत असेल तर आखूड कामात हा पिचर वेगळाच दिसू शकतो. वेड डेव्हिस याचा नमुना. २०१३ मध्ये कॅन्सस सिटीसाठी बहुतांशी स्टार्टर, ईआरए ५.३२, २०१४ मध्ये रिलीव्हर, ७२ इनिंग, १०९ स्ट्राइकआउट, ईआरए १.००.

चौथी पायरी बहुतेक लोक गाळतात: हिशेब. सरासरी पाच इनिंग टाकणारा स्टार्टर ३२ सामन्यांत १६० इनिंग भरतो. रिलीव्हर म्हणून तो ६५-७० भरेल. उरलेल्या ९० इनिंग कुणी टाकायच्या? तुमच्या संघातला सहावा स्टार्टर ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पातळी) मध्ये वॉकवर वॉक देत असेल, तर ४.५० चा कंटाळवाणा स्टार्टर जागेवरच बरा. डेव्हिससारखी झेप दरवर्षी एखादाच घेतो.

आणि उलट: रिलीव्हरला स्टार्टर

गेल्या काही वर्षांत हा प्रवाह जोरात आहे. सेथ लूगो मेट्सच्या बुलपेनमधून निघाला आणि २०२४ मध्ये कॅन्सस सिटीसाठी २०६ २/३ इनिंग, ३.०० ईआरए. रेनाल्डो लोपेसने त्याच वर्षी अटलांटासाठी १.९९ ईआरए ठेवला. दोघांकडेही आधीपासून दोनहून जास्त प्रकारचे चेंडू होते, आणि दोघांनी पूर्वी स्टार्टरचं काम केलेलं होतं. हीच पहिली चाचणी.

दुसरी चाचणी बाहूची. बदल हंगामाच्या मध्यात करायचा तर एका दिवसात होत नाही. १५-२० चेंडूंची सवय असलेल्या हाताला दर पाचव्या दिवशी ३०-३५, मग ४५, ६०, ७५ असं चढवत नेतात. चार-पाच आठवडे जातात, आणि तेवढा काळ बुलपेनमध्ये एक माणूस कमी. म्हणून हे काम हंगामाआधीच्या वसंत शिबिरात करतात. जुलैमध्ये ‘क्लोजरला स्टार्ट द्या’ म्हणणाऱ्याला हे आठवडे कुठून आणणार ते विचारा. फास्टबॉल एक-दोन मैलांनी उतरणार हेही धरून चाला.

तिसरी, वर्षाची एकूण इनिंग. गॅरेट क्रोशेने शस्त्रक्रियेनंतर २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये जेमतेम १२ २/३ इनिंग टाकल्या होत्या. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सनी त्याला ३२ स्टार्ट दिले, पण उत्तरार्धात बहुधा चार इनिंगवर थांबवलं. एकूण १४६ इनिंग, २०९ स्ट्राइकआउट. त्या उन्हाळ्यात ‘चांगला चालतोय तर काढता कशाला’ असं विचारणाऱ्यांना उत्तर पुढच्या वर्षी मिळालं: बोस्टनसाठी २०५ हून जास्त इनिंग.

‘ओपनर’ ही तिसरी वाट. १९ मे २०१८ ला टँपा बेने सर्जिओ रोमो या रिलीव्हरला एंजल्सविरुद्ध पहिली इनिंग दिली आणि नेहमीच्या लांब पिचरला मागून आणलं. फायदा सरळ आहे: लांब पिचर पहिल्यांदा येतो तेव्हा समोर ऑर्डरचा मधला किंवा तळाचा भाग असतो, त्यामुळे वरचे हिटर त्याला तिसऱ्यांदा उशिरा भेटतात किंवा भेटतच नाहीत. ज्याच्या पहिल्या दोन फेऱ्या ठीक आणि तिसरी भयंकर, त्याला बुलपेनमध्ये टाकण्याआधी हे करून बघावं.

आता हिटर: ‘सुधारला’ म्हणजे नेमकं काय

बॅटिंग ॲव्हरेज (ॲट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या खेपा, यांपैकी कितींत हिट) बाजूला ठेवा, निदान ऑगस्टपर्यंत. .२५० च्या कुवतीचा हिटर १०० ॲट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगाने .२०७ ते .२९३ या पट्ट्यात कुठेही असू शकतो, आणि दर तीन वेळांत एकदा त्याच्याही बाहेर. ४०० ॲट-बॅटनंतर हा पट्टा .२२८ ते .२७२ इतका अरुंद होतो. मे महिन्यात .२८५ बघून नाचणं आणि .२१५ बघून रडणं, दोन्ही सारखंच.

ख्रिस शेल्टनने एप्रिल २००६ मध्ये डेट्रॉइटसाठी १० होमरन मारले. हंगामाअखेर आकडा १६ होता, आणि जुलै संपताना त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं होतं. उलट बाजूला होसे बौतिस्ता: २००९ चे त्याचे १३ होमरन कुणाच्या खिजगणतीत नव्हते, पण त्यातले बहुतेक शेवटच्या महिन्यातले होते. २०१० मध्ये त्याने ५४ मारले. दोघांचेही महिने लहान. फरक असा की बौतिस्ताच्या बाबतीत बदललेली गोष्ट बोट ठेवून दाखवता येत होती: पुढचा पाय तो पूर्वीपेक्षा बराच लवकर उचलू लागला होता, त्यामुळे आतल्या फास्टबॉलला बॅट वेळेवर पोचत होती आणि चेंडू डाव्या बाजूला उंच जात होता.

म्हणून तपासाचा क्रम उलटा ठेवा. धावा शेवटी, निर्णय आधी.

निर्णय म्हणजे कुठल्या चेंडूवर बॅट फिरवतो. झोनबाहेरच्या चेंडूंवर लीग साधारण २८ टक्के वेळा बॅट फिरवते. तुमच्या हिटरचं प्रमाण ३४ वरून २८ वर आलं तर ती बातमी आहे, पण लगेच झोनमधल्या चेंडूंचा आकडाही बघा. तोही तेवढाच उतरला असेल तर नजर सुधारलेली नाही, माणूस नुसता उभा राहतो आहे. अशांचे वॉक वाढतात, पाठोपाठ बॅट न फिरवता बाद होणंही वाढतं, आणि पिचरना कळलं की दोन आठवड्यांत पहिला चेंडू सरळ मधोमध येऊ लागतो.

मग चेंडू लागणं. स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर, साठेक पीए (वॉकसकट बॅटिंगच्या सगळ्या खेपा) मध्येच, अर्थपूर्ण होतं. वॉकला १२० लागतात, होमरनच्या प्रमाणाला १७० च्या आसपास. या आकड्यांचा अर्थ ‘आता खात्री’ असा नाही. एवढ्या टप्प्यावर दिसणाऱ्या फरकातला निम्मा भाग खरा आणि निम्मा गोंगाट, इतकंच.

मग लागण्याचा दर्जा. ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाने निघालेले चेंडू, आणि ८ ते ३२ अंशांत उडालेले. कोन एकटा वाढून उपयोग नाही. ९० मैलांचा उंच चेंडू आउटफिल्डरचा सोपा झेल असतो; तोच १०२ मैलांनी स्टँडमध्ये जातो. ‘यंदा तो हवेत मारायला शिकलाय’ असं ऐकलं की वेगाचा रकाना उघडा. २०२४ पासून बॅटचा वेगही उघड दिसतो; लीगची सरासरी ७१-७२ मैल, आणि ७५ च्या वरचे झटके वेगवान धरतात. दुखापतीतून आलेल्या हिटरसाठी मला हा रकाना सगळ्यात कामाचा वाटतो, कारण मनगट दुखत असेल तर इथे लपत नाही.

या सगळ्यावर बेतलेला ‘अपेक्षित’ आकडा, एक्सडब्ल्यूओबीए, खऱ्या डब्ल्यूओबीए (हिटरच्या एकूण बॅटिंगचं माप) च्या शेजारी ठेवून ‘दुर्दैवी’ आणि ‘नशीबवान’ असे शिक्के मारायची फॅशन आहे. जपून. या गणितात चेंडू कुठल्या दिशेला गेला ते धरलेलं नाही. इसाक पारेदेससारखा हिटर साध्या वेगाचे चेंडू डाव्या रेषेला चिकटून नेमके कुंपणापार टाकतो. २०२३ मध्ये त्याने ३१ होमरन मारले आणि गणित वर्षभर त्याला नशीबवान म्हणत राहिलं.

कशाशी तुलना करायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘१२ मे पासून तो .३४० वर आहे’ या वाक्यातली १२ मे ही तारीख कुणी निवडली? त्याच्या सगळ्यात वाईट सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर कुणीही सुधारलेला दिसतो. सुरुवातीची तारीख आकड्यांबाहेरून यायला हवी: स्टान्स बदलला तो दिवस, दुखापतीतून परतला तो दिवस. असं काही नसेल तर १०० पीए चा सरकता आलेख बघा आणि मागच्या दोन वर्षांतही तसेच उंचवटे होते का ते पाहा.

एप्रिलच्या थंडीत चेंडू कमी अंतर जातो, जुलैत जास्त. एप्रिल ते जुलै अख्खी लीगच ‘सुधारते’. एकट्या हिटरची एप्रिल-जुलै तुलना करताना बेसबॉल-रेफरन्सच्या स्प्लिट्समधला एसओपीएस+ वापरा, कारण तो त्याच महिन्याच्या लीगशी तुलना करतो. डावखुऱ्या पिचरसमोरचे पीए ही मोजा; मॅनेजरने त्या सामन्यांत त्याला बाकावर बसवायला सुरुवात केली असेल तर सरासरी आपोआप वर जाते.

आणि सुधारणा वेगळी, मूळ पदावर येणं वेगळं. २०२४ मध्ये फ्रान्सिस्को लिंडोर मेच्या मध्यावर .१९० च्या आसपास होता. १८ मे ला त्याला ऑर्डरमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि वर्ष .२७३ व ३३ होमरनवर संपलं. श्रेय क्रमांकबदलाला देणारे आजही आहेत. पण लिंडोर त्याआधीची कित्येक वर्षं साधारण तसाच हिटर होता. त्याच वर्षी ॲरन जजही मेच्या सुरुवातीला .२०० च्या खाली रेंगाळत होता आणि .३२२, ५८ होमरनवर थांबला. त्याचा क्रमांक वर नेल्यामुळे झालं, असं कुणी म्हटलं नाही.

कागदावर करायचा ढोबळ हिशेब असा. हिटरचे आधीचे १५०० पीए, डब्ल्यूआरसी+ ९५ (धावा निर्माण करण्याचं माप; १०० म्हणजे लीगची सरासरी). यंदा २०० पीए, १४०. वजनी सरासरी: २०० × १४० अधिक १५०० × ९५, भागिले १७००. उत्तर जवळपास १००. ताज्या वर्षांना थोडं जास्त वजन दिलंत तर १०३-१०५ वर जाल. उरलेल्या हंगामात त्याच्याकडून एवढीच अपेक्षा धरा. यापेक्षा जास्त हवी असेल तर वरच्या निर्णय, संपर्क आणि दर्जा या तीनपैकी किमान दोन ठिकाणी बदल दाखवता आला पाहिजे. जुलैअखेरीच्या आसपासच्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची मुदत) संघांची कार्यालयंही याच धर्तीवर, फक्त बारीक चाळणीने, हिशेब करतात.

शेवटी ‘त्याला ट्रिपल-ए मध्ये पाठवून सुधारून आणा’ या लाडक्या उपायाबद्दल. त्याच्याकडे ऑप्शन (संघाने त्याला मुक्तपणे खाली पाठवण्याची मुभा) उरले आहेत का ते आधी बघा. संपले असतील तर वेव्हर्सवरून (इतर संघांना आधी संधी देणाऱ्या यादीवरून) दुसरा संघ त्याला उचलू शकतो. ऑप्शन असले तरी खाली पाठवलेला पिचर किमान १५ दिवस, हिटर किमान १० दिवस परत बोलावता येत नाही, कुणी जखमी झाल्याने जागा रिकामी झाली असेल तर गोष्ट वेगळी. एका हंगामात एकाच खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही, आणि मेजर लीगमध्ये पाच वर्षं सेवा झालेला खेळाडू सरळ नकार देऊ शकतो.